पुस्तक छापायच्या आधी आपण कुठं असतो?

१

शाळेचं कुठलंही सरकारी पुस्तक घ्या. कव्हर उलटा. आत संविधानाची उद्देशिका असते, राष्ट्रगीत असतं, प्रतिज्ञा असते. त्याच्या आसपास बारीक टाइपात नावांची एक यादी असते. विषय समिती, अध्यक्ष, सदस्य, सदस्य-सचिव, अभ्यासगट. लेकरं ते पान वाचत नाहीत. मास्तर वाचत नाही. चळवळीतला कार्यकर्ता तर त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. पण मित्रांनो, सगळं राजकारण त्या पानावर आहे. पुढची शंभर पानं काय बोलणार आणि कशाबद्दल गप्प बसणार, हे त्या यादीतल्या माणसांनी एका टेबलाभोवती बसून आधीच ठरवलेलं असतं.

आपण पुस्तकावर बोलतो ते कधी? पुस्तक छापून झालं, वाटून झालं, लेकराच्या दप्तरात गेलं, मग. मोर्चा निघतो, निवेदन जातं, टायर जळतो. गिरणीत स्पिनिंगवर धागा तुटला तर तो तिथल्या तिथं सांधावा लागतो. कापडाचा तागा बाजारात गेल्यावर मग धाग्याची आठवण काढून काय उपयोग? पुस्तकाचंही तसंच आहे.

शाळेत काय शिकवायचं हे तपासायला शिकलेली, पुढं कॉलेजात शिकवणारी माणसं बसतात. ही रीत आजची नाही. त्या टेबलाला इतिहास आहे. कोण बसलं, कुणाला उठवलं, आणि आपली माणसं बसली तेव्हा काय झालं, हे एकदा नीट मांडून पाहिलं पाहिजे. कारण पुढची लढाई तिथं आहे.

२

सुरुवात १८५५ पासून करू. पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेली, इंग्रज आले, पण दक्षिणेचा पैसा राहिला. पुढं त्यातला काही भाग मराठी पुस्तकांना बक्षिसं द्यायला लावला. पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायला दक्षिणा प्राइझ कमिटी होती. जोतीराव फुल्यांनी त्या साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीपुढं ठेवलं. नाटकात एक भट जोशी अडाणी कुणबी नवरा-बायकोला ग्रहदशेच्या नावानं कसा लुबाडतो ते आहे. शेवटी ते जोडपं शिकायला निघतं.

कमिटीनं नाटक नाकारलं. कमिटीतल्या भटांपुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी पुढं 'गुलामगिरी'त सांगितलं. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. एकशे चोवीस वर्षं! कुणी जाळलं नाही, बंदी घातली नाही, कोर्टात खेचलं नाही. फक्त तपासणाऱ्यांनी नापसंत केलं. टेबलाची ताकद म्हणतात ती ही.

त्याच १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं, फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीनं, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचं धर्मपुस्तक कोणतं, हा त्या पोरीचा सवाल होता. मिशनऱ्यांच्या पत्रात तिला जागा मिळाली. दक्षिणेच्या टेबलावर तिच्या गुरूला मिळाली नाही. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा.

जोतीराव मात्र टेबलाचा नाद सोडणारे नव्हते. १८८२ ला हंटर कमिशन आलं, तेव्हा १९ ऑक्टोबरला त्यांनी लेखी निवेदन दिलं. आपण त्यातली एकच गोष्ट पाठ केलीय, की प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. पण त्याच कागदात अभ्यासक्रमही आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. गावच्या शाळेचा अभ्यास शहरापेक्षा कमी असला तरी चालेल, पण तो कामाचा असावा. मास्तर शेतकरी वर्गातले असावेत. म्हणजे या माणसानं नुसतं "आम्हाला शिकवा" असं म्हटलं नाही. काय शिकवा, कुणी शिकवा, हेही सांगितलं. तेही लेखी, मुदतीत, कमिशनच्या हातात. आपल्या चळवळीतलं अभ्यासक्रमाचं पहिलं परीक्षण हेच म्हणायला हवं. ते करणाऱ्याकडं कॉलेजची डिग्री नव्हती.

३

बाबासाहेबांच्याकडं डिग्र्या होत्या, आणि ते कॉलेजातले प्राध्यापकही होते. १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात लागले. पुढं सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पण वर्गात शिकवलं, पगार घेतला, घरी गेले, असं त्यांनी केलं नाही. १९२७ ला मुंबई कायदे कौन्सिलात विद्यापीठाच्या कायद्याची दुरुस्ती आली. तेव्हा विद्यापीठाच्या सिनेटवर मागासलेल्या वर्गाचे प्रतिनिधी पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागचा विचार सरळ आहे. विद्यापीठ कुणाच्या गरजेसाठी चालतं हे तिथं बसणारी माणसं ठरवतात. ज्याची गरज आहे तोच तिथं नसेल तर ती गरज कागदावर येतच नाही. १९२८ ला नेमलेल्या स्टार्ट कमिटीवरही ते होते. अस्पृश्यांच्या लेकरांना वेगळ्या शाळेत कोंडण्यापेक्षा सगळ्यांच्या शाळेत बसवा, हा त्या कमिटीचा कल होता.

आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य. १९१८ ला हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. माध्यम उर्दू. पुस्तकं उर्दूत आणायला वेगळा अनुवाद विभाग उभारला, मोठमोठे विद्वान पगारी बसवले. त्या माणसांनी केलेलं काम थोर होतं, हे मान्य करू. भारतीय भाषेत वरचं शिक्षण देता येतं हे त्यांनी दाखवलं. पण नांदेड-परभणीच्या मराठी लेकराला वरच्या वर्गात आपली भाषा दारात काढून ठेवावी लागायची. मग महारा-मांगाच्या लेकराचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्याला शाळेचं दारच परकं होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, जून १९५० मध्ये, बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ निघायला अजून आठ वर्षं होती. खेड्यात धड शाळा नव्हत्या, तिथं बाबासाहेबांनी आधी कॉलेज का काढलं, असा प्रश्न पडतो. माझ्या समजुतीनं त्याचं उत्तर या टेबलात आहे. शाळा सरकार काढील, आज ना उद्या काढावीच लागेल. पण शाळेत काय शिकवायचं हे ठरवणारी माणसं कॉलेजातून येतात. ती माणसं आपली हवी असतील तर कॉलेज आपलं पाहिजे. मिलिंदमधून दलित साहित्य उभं राहिलं, गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच मिलिंदमधून अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले सुखदेव थोरात शिकून बाहेर पडले आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे नाव लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

४

महाराष्ट्र झाल्यावर २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ निघालं. आपण त्याला बालभारती म्हणतो. त्याआधी खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला मंजूर होऊन शाळेत चालायच्या. बालभारतीनं पुस्तक स्वस्त केलं, सगळ्या राज्याला एक केलं, वाडीतल्या शाळेपर्यंत पोचवलं. हे मोठं काम आहे. पण सगळ्यांना एकच पुस्तक म्हटल्यावर ते लिहिणाऱ्या टेबलाची ताकदही तेवढीच वाढली. आता एका खोलीत झालेली चूक राज्यातल्या प्रत्येक वर्गात फळ्यावर चढते.

त्या खोलीचं काम साधारण असं चालतं. आधी अभ्यासक्रम ठरतो. मग विषय समिती नेमली जाते. तिच्यात विद्यापीठातले आणि कॉलेजातले प्राध्यापक असतात, शाळेतले शिक्षक असतात, मंडळाचा अधिकारी असतो. मदतीला अभ्यासगट असतो. मसुदा झाला की काही शिक्षक आणि तज्ज्ञांकडून तपासून घेतात. मग छपाई. म्हणजे शिरायला दारं आहेत. ती कुलूपबंद नाहीत, पण आपण कडी वाजवत नाही.

इथं आपल्या नांदेडकडं या. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. घरं जाळली, वस्त्या उठवल्या. १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, लातूर, परभणी आणि आताची हिंगोली त्याच्याखाली.

सोळा वर्षं लोक मेले ते कमानीवरच्या अक्षरांसाठी नाही. विद्या कुणाच्या मालकीची, हा सवाल होता. नाव मिळालं. आता त्या सवालाचा उरलेला भाग आपल्यासमोर आहे. विद्येच्या आत काय भरलंय, ते कोण भरतंय?

विष्णुपुरीला गोदावरी अडवलीय. तिथलं पाणी पंपानं वर उचलून कालव्यात सोडतात, मग ते लांबच्या रानाला लागतं. विद्यापीठाचंही काम खरं तर हेच. ज्ञान वर उचलायचं ते खाली सोडण्यासाठी. पण आमच्याकडं उचलणं झालं, सोडणं राहिलं. प्राध्यापक मंडळी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर जाण्यासाठी निवडणुका लढतात, पॅनल उभे करतात. पदवीच्या वर्गाला कुठलं पुस्तक लागतं यावर वर्षभर राजकारण चालतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या इतिहासात काय आहे, हे त्यातल्या किती जणांनी उघडून बघितलंय? आमच्या पट्ट्यात शाळा आणि कॉलेज यांचं नातं एकाच गोष्टीपुरतं उरलंय, ते म्हणजे मार्क. लातूर पॅटर्न देशभर गाजला. पोरांना रगडून रगडून बोर्डात आणलं, मेडिकलला धाडलं. गरिबाची पोरंही त्यात वर आली, ते नाकारत नाही. पण पॅटर्ननं पुस्तक पाठ करायला शिकवलं. पुस्तकाला सवाल विचारायला नाही.

आणि आपले प्राध्यापक? राखीव जागा चळवळीनं मिळवल्या. त्या जागांवर बसलेले लोक चौदा एप्रिलला व्याख्यान देतात, बाकी वर्ष पेपर, सेमिनार, प्रमोशन, नॅकची फाईल. सगळेच तसे नाहीत. आणखी एक गोष्ट इमानदारीनं सांगितली पाहिजे. आमची किती तरी पोरं पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर राबताहेत. जूनमध्ये ऑर्डर, मार्चमध्ये घरी. ज्याची नोकरी तासावर मोजली जाते त्यानं व्यवस्थेच्या पुस्तकावर बोट ठेवावं, ही अपेक्षा त्याच्या एकट्यावर टाकणं अन्याय आहे. म्हणून बोलायचं ओझं कायम नोकरीवाल्यांवर जास्त आहे.

५

आता दिल्लीची गोष्ट. एनसीईआरटीची पुस्तकं आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नसतात. पण नांदेड-लातूरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचं पोरगं बघा, त्याच्या टेबलावर तीच पुस्तकं असतात. शिवाय प्राध्यापकांनी शाळेचं पुस्तक हातात घेतल्याचं आपल्या काळातलं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे.

२००५ ला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा झाला. शास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली. एकवीस अभ्यासगट बसवले, त्यातला एक खास अनुसूचित जाती-जमातीच्या लेकरांच्या प्रश्नांवर. देशभरातले प्राध्यापक पुस्तकं लिहायला बसले. देखरेखीच्या समितीवर मृणाल मिरी यांच्या जोडीला आपले गो. पु. देशपांडे होते, फुल्यांवर 'सत्यशोधक' नाटक लिहिणारे. राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार पुणे विद्यापीठाचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव.

त्या पुस्तकांनी काय केलं? सहावीच्या पुस्तकात लहानपणी कोरेगावच्या स्टेशनावर उतरलेल्या भीमाची गोष्ट आली. सातवीत ओमप्रकाश वाल्मीकी आले. आठवीत चोखोबांची सोयराबाई आली. बारावीच्या पुस्तकात जनआंदोलनांवर आख्खं प्रकरण आलं आणि त्यात दलित पँथर आली, नामदेव ढसाळांची कविता भाषांतर होऊन आली. १९७२ ला ज्यांना पोलीस शोधत होते ते सरकारी पुस्तकात जाऊन बसले. हे फुकट झालं नाही. चळवळीनं रस्त्यावर कमावलं आणि कुणी तरी प्राध्यापकांनी टेबलावर ते मांडलं. दोन्ही हात लागले.

याच पुस्तकांच्या संचात अकरावीच्या संविधानावरच्या पुस्तकात एक व्यंगचित्र होतं. शंकर यांनी १९४९ ला काढलेलं. संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेतलेले बाबासाहेब, मागं चाबूक उगारलेले नेहरू, भोवती बघ्यांची गर्दी. खाली विद्यार्थ्यांना प्रश्न होता, की घटना समितीला एवढा वेळ का लागला असावा. २००६ पासून पुस्तक वर्गात होतं. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. मंत्र्यांनी माफी मागितली, व्यंगचित्र काढायचं ठरलं. पळशीकर आणि यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी काही कार्यकर्त्यांनी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या ऑफिसची मोडतोड केली.

या प्रकरणावर दोन टोकाची मतं तेव्हाही होती, आजही आहेत. मला दोन्हीकडं बघून बोलायचंय.

राग खोटा नव्हता. ज्या वर्गात एकच पोरगं भीमनगरातून येतं, तिथं ते चित्र बघून बाकीचे कसे हसतील, हे त्या पोरालाच कळतं. एवढ्या विद्वानांच्या हातून ते पान गेलं, सहा वर्षं गेलं, कुणाच्या मनाला टोचलं नाही. कारण टोचणारी कातडी त्या टेबलाभोवती कमी होती. प्राध्यापकाचा हेतू चांगला असून भागत नाही.

पण मोडतोडीनं काय साधलं? बाबासाहेबांनी या आरोपाला स्वतःच उत्तर दिलंय, घटना समितीत, २५ नोव्हेंबर १९४९ ला. दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस लागले हे त्यांनी मोजून सांगितलं. अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, असा ताळा मांडला. आमच्या संविधानात ३९५ कलमं आहेत. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि निकाली निघाल्या. मग सांगा, उशीर कुठं झाला? शंकर यांच्या चित्राला एवढं कडक उत्तर दुसरं कुणाचं असू शकतं? त्या टेबलावर आपला एखादा जाणता मास्तर असता तर तो म्हणाला असता, चित्र ठेवायचं असेल तर त्याच पानावर हे आकडे छापा. मग वर्गातलं ते एकटं पोरगं मान खाली घालून बसलं नसतं. उभं राहून उत्तर दिलं असतं. परीक्षण म्हणजे दरवेळी कात्री चालवणं नव्हे. परीक्षण म्हणजे राहून गेलेलं उत्तर छापून घेणं.

नंतर सरकारनं सगळी पुस्तकं तपासायला समिती नेमली. अध्यक्ष सुखदेव थोरात. मिलिंदचे. १८५५ ला दक्षिणा कमिटीच्या दारातून फुल्यांचं नाटक परत आलं, आणि २०१२ ला बाबासाहेबांच्या कॉलेजात शिकलेला माणूस देशाची पुस्तकं तपासायला अध्यक्ष म्हणून बसला. हा प्रवास छोटा नाही. थोरात समितीनं अनेक व्यंगचित्रं काढायला सांगितली. समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळं मत लेखी नोंदवलं. म्हणजे वंचितांच्या बाजूनं विचार करणाऱ्या विद्वानांतही एकमत नव्हतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. टेबलावर बसलं, वाचलं, वाद घातला, लिहून ठेवलं. हीच रीत.

आता पुढचं ऐका. २०२२ ला एनसीईआरटीनं अभ्यासाचं ओझं कमी करायचं म्हणून पुस्तकांतून मजकूर काढला. बारावीच्या पुस्तकातलं जनआंदोलनांचं प्रकरण आख्खं गेलं. त्याच्याबरोबर दलित पँथर गेली. ढसाळांची कविता गेली. २०२३ च्या जूनमध्ये पळशीकर आणि यादव यांनीच एनसीईआरटीला कळवलं, की असल्या पुस्तकांवर आमची नावं नकोत, काढा. त्यांच्या मागोमाग पुस्तक करणाऱ्या आणखी तेहतीस अभ्यासकांनी तेच लिहिलं. उलट बाजूनंही प्राध्यापकांच्या सह्यांचं पत्रक निघालं, म्हणजे प्राध्यापक म्हटला की आपला, असं समजायचं कारण नाही.

पण आपण? एका चित्रासाठी २०१२ ला रस्त्यावर होतो. पँथर पुस्तकातून पुसली तेव्हा तसा आवाज उठला नाही. ज्याच्या ऑफिसच्या काचा फोडल्या त्याचं पुस्तक पँथरला जागा देत होतं, आणि ती जागा गेल्यावर भांडायलाही तोच पुढं होता. ही गोष्ट कडू आहे, पण ती आपल्या पोरांना सांगितली पाहिजे. दिसणारा अपमान आपल्याला लगेच दिसतो. गाळलेलं पान दिसत नाही, कारण ते दिसायला आधीचं पान वाचलेलं असावं लागतं.

६

अगदी अलीकडचं. मे २०२४ ला राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांपुढं ठेवला आणि हरकती-सूचना मागवल्या. मुदत मोजक्या दिवसांची. त्यात मूल्यशिक्षणाच्या अंगानं मनुस्मृतीतला श्लोक होता. ज्या मनुस्मृतीला २५ डिसेंबर १९२७ ला महाडला अग्नी दिला, ती शंभरीला तीन वर्षं कमी असताना शाळेच्या दारात परत उभी! संताप झाला, व्हायलाच पाहिजे होता. महाडला आंदोलन झालं. त्यात एका आमदाराच्या हातून पोस्टर फाडताना बाबासाहेबांचं छायाचित्र फाटलं. त्यांनी माफी मागितली. मग आठवडाभर पेपरात आणि चॅनेलवर काय चाललं? फोटो कुणी फाडला, मुद्दाम की चुकून. मसुदा राहिला बाजूला. मनुस्मृती घेणार नाही असं मंत्र्यांनी सांगितलं, विषय मिटला.

मिटला का? मसुद्याला इतरही पानं होती. इतिहास कसा शिकवायचा, भाषा कुठल्या, गरिबाच्या शाळेत काय राहणार. ती पानं वाचून किती जणांनी लेखी हरकत पाठवली? विष्णुपुरीच्या विद्यापीठाखाली चार जिल्ह्यांत एवढी कॉलेजं आहेत. समाजशास्त्र, इतिहास, मराठी शिकवणारे एवढे लोक आहेत. प्रत्येकानं एक पान लिहिलं असतं तरी पुण्याला पोतं भरून गेलं असतं.

२०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा वाद झाला. लोक एकवटले, आणि २९ जूनला सरकारनं दोन्ही शासन निर्णय मागं घेतले. मग समिती नेमली, अध्यक्ष डॉ. नरेंद्र जाधव. 'आमचा बाप आन् आम्ही'वाले. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू. पुन्हा आपल्या वस्तीतला माणूस टेबलाच्या मुख्य खुर्चीवर. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. थोरात काय, जाधव काय, आपल्या विद्वानाला बोलावणं येतं ते घर पेटल्यावर. आग विझवायला आपण चालतो. घर बांधायच्या नकाशावर आपण का नको?

७

म्हणून काही कामं सुचवतो. मोठी नाहीत.

एक. दरवर्षी जूनमध्ये नवीन पुस्तकं आली की तालुक्या-तालुक्यात वाचन बसवा. बुद्धविहारात बसवा, अभ्यासिकेत बसवा. एक वही करा. पान नंबर, काय लिहिलंय, काय गाळलंय, आपल्याला काय हवंय. घोषणा लिहू नका. पान नंबर लिहा.

दोन. या वाचनाला तिघं पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, कॉलेजातला प्राध्यापक आणि वस्तीतला कार्यकर्ता. लेकरू कुठं अडतं हे मास्तरला माहीत. लिहिलेलं खरं की खोटं हे प्राध्यापकाला माहीत. दुखतं कुठं हे वस्तीला माहीत. प्राध्यापक एकटा बसला की २००६ सारखं पान निसटतं. कार्यकर्ता एकटा निघाला की २०१२ सारख्या काचा फुटतात.

तीन. मसुदा निघाला की तारीख भिंतीवर लिहा. जोतीरावांनी १८८२ ला कमिशनपुढं कागद ठेवला तेव्हा संगणक नव्हता, मोबाईल नव्हता. आपल्याकडं सगळं आहे आणि मुदत उलटून जाते.

चार. विषय समितीवर माणसं कशी नेमली, आपल्या चार जिल्ह्यांतलं कोण आहे, मसुदा कुणाकडून तपासून घेतला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कायदा २००५ चा आहे. अर्ज एका पानाचा असतो.

पाच. ज्या प्राध्यापकांना आपण जयंतीला हार घालतो, त्यांना हार घालायच्या आधी एक पुस्तक हातात द्या. म्हणा, सर, हे आठवीचं आहे. पुढच्या रविवारी वाचून या, पोरांसमोर बोला. जो येईल तो आपला.

यातून क्रांती होईल असं मी म्हणत नाही. पण वाडीवरच्या शाळेत तिसऱ्या बाकावर बसणारी आपली पोरगी पुढच्या वर्षी पुस्तक उघडील, तेव्हा त्यात तिच्या माणसांचं एक वाक्य तरी सरळ लिहिलेलं असेल. त्या एका वाक्यासाठी एक रविवार गेला तर जाऊ द्या.

जयभीम.